१० वर्षं झाली की ब्रेस्ट इम्प्लांट बदलावेच लागतात का?

नाही हो, १० वर्षं झाली म्हणून लगेच बदलायलाच पाहिजे असं काही नाहीये. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत हे खरं, पण त्रास नसेल आणि तपासणीत सगळं नीट असेल तर १५ वर्षांनंतरही तसेच ठेवणाऱ्या बायका आहेत.

सलाईनचं, म्हणजे आत मिठाचं पाणी भरलेलं इम्प्लांट फुटलं तर कळतंच, काही दिवसांत ती बाजू बसते. सिलिकॉनचं मात्र फसवं असतं, जेल घट्ट असल्यामुळे आतल्या आत फाटलं तरी बाहेरून आकार तोच राहतो आणि दुखतही नाही, म्हणून अमेरिकेचं एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सांगतं की पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी करा. हे प्लीज टाळू नका.

स्तन कडक व्हायला लागला, वर सरकला, दुखतोय, आकार बदलला तर सर्जनला दाखवा. आणि कित्येक वर्षांनी एकच बाजू अचानक सुजली तर अजिबात थांबू नका, विशेषतः खरखरीत म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांट असेल तर, कारण क्वचित का होईना त्याभोवती लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होऊ शकतो, साठलेलं पाणी काढून तपासावं लागतं. काहीच त्रास नसेल तर नुसत्या भीतीपोटी मात्र काढू नका.