‘मला त्याचा एक पैसाही नको’

पोटगीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. जिची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), तीही हेच म्हणत खुर्चीत बसली. नवरा वेगळा राहायला गेलेला, घटस्फोट नाही, मुलगी आठ वर्षांची. आधी तो अधूनमधून पैसे पाठवायचा, मग तेही थांबलं. तिला नोकरी होती, तरी महिनाअखेरीस भावापुढे हात पसरावा लागायचा.

मी म्हटलं, “तुम्हाला नको तर नका घेऊ. पण मुलीच्या वतीनं कसं नाही म्हणता?”

मग खरी भीती बाहेर आली. घटस्फोटाआधी मागता येतं का? मी कमावते, तर कोर्ट देईल का? आणि त्यानं मुलीचा ताबा मागितला तर?

पहिल्या दोन्हींची उत्तरं सरळ आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुलै 2024 पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, अल्पवयीन मुलासाठी अर्ज करायला घटस्फोट लागत नाही. आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क राहतो. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही; फार तर दोघांच्या मिळकतीकडे पाहून वाटा ठरतो. ताबा मात्र मुलाचं हित पाहून ठरतो, पोटगी मागितली म्हणून मूल काढून घेत नाहीत. आणि पैसे थकले म्हणून बापाची भेटही बंद करायची नसते. तिनं नेमकं तेच केलं होतं. सांगितलेलं तिला आवडलं नाही.

पुढच्या भेटीला ती खर्चाची यादी घेऊन आली. निम्मं पान सासरच्या तक्रारींचं. खर्च म्हणून फक्त शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं. घरभाड्यात मुलीचा वाटा नाही का? वीज, चष्मा, औषधं? तुम्ही कामावर असताना ती जिच्याकडे थांबते, तिला पैसे देता ना? नवी यादी पहिलीच्या दुपटीहून मोठी झाली, आणि त्यात एकही रक्कम फुगवलेली नव्हती. जमतील तेवढ्या पावत्या जोडल्या.

पगार लपवायचा सल्ला तिला नात्यातल्या कुणीतरी दिला होता. मी ठाम नाही म्हटलं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र सक्तीचं केलं आहे. एक खोटं उघडं पडलं की बाकीचं खरंही संशयात येतं.

वकिलाच्या फीचा प्रश्न जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सुटला. स्त्रिया आणि मुलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज ती राहते तिथल्याच कौटुंबिक न्यायालयात केला. जिथं असं न्यायालय नाही, तिथं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पण रजनेश-नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते, म्हणून ‘बघू, सुधारेल’ करत अर्ज लांबवण्यात नुकसान मुलाचंच.

धंद्यात तोटा आहे, असं नवरा सांगत होता. बँकेचं स्टेटमेंट वेगळंच बोलत होतं. अखेर तडजोड झाली: फी थेट शाळेत, शिवाय दरमहा ठरलेली रक्कम. ‘आपसात लिहून ठेवू’ म्हणाला, पण तडजोड कोर्टात नोंदवून तिचा आदेश करून घ्या, असा मी आग्रह धरला. घरच्या कागदावर वसुलीचं वॉरंट निघत नाही.

काही महिन्यांनी पैसे पुन्हा थांबले. हप्ता थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी कलम 144 खाली वॉरंट मिळत नाही. कित्येक जणी इथंच अडकतात. सबळ कारणाशिवाय थकवणाऱ्याला प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आला तरी देणं फिटत नाही. तिनं मुदतीत अर्ज केला. नोटीस पोचल्यावर त्यानं थकबाकी भरली. आता मुलीची फी वाढली आहे, तेव्हा कलम 146 खाली पोटगी वाढवून मागायची तिची तयारी चालू आहे.