खानापूर भागात शेताच्या बांधावर उमटलेला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा, हे कसं ओळखायचं? फासकी (तारेचा फास) लावली तर चालेल का?

आधी नखं बघा: ठशापुढे नखांच्या खुणा नसतील आणि पंजाच्या गादीला (तळव्याच्या मऊ भागाला) मागच्या बाजूला तीन फुगवटे दिसत असतील तर बिबट्या समजा, पण फासकी अजिबात लावू नका. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्या-कोल्ह्याला ते जमत नाही. मोठ्या बिबट्याचा ठसा गोलसर, साधारण 7-8 सेंटीमीटर रुंद असतो. कुत्र्याचा लांबट, मधली दोन बोटं जोडीनं पुढे आलेली. तरसाचीही नखं उमटतात, मात्र त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. भीमगड अभयारण्याच्या कडेला भातकापणीनंतर पहाटे फिरून हे शिकलोय. दवानं ओलसर झालेल्या मातीत, ऊन तिरपं असताना ठशाची कड सगळ्यात स्वच्छ दिसते.

एवढंच, की चिखलात ठसा पसरून मोठा वाटतो आणि पाय घसरला की बिबट्याही नखं रोवतो. त्यामुळे एका ठशावर ठरवू नका, ओळीतले चार-पाच बघा आणि शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा.

फासकीचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार ती लावणं हीच शिकार धरतात, जनावर अडकलं नाही तरी. शिवाय डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या कमरेला कापला जातो, फार हाल होतात हो त्याचे. फोटो घेऊन वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात जा, आणि तोवर वासरं रात्री गोठ्यात दार लावून बांधा.