पदवी सुनेची, पास दोनच

प्रश्न : ताई, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. सूनबाई बारावी झाल्या झाल्या आमच्या घरात आली. नातू अंगणवाडीत जायला लागला तेव्हा तिने साताऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि रोज एसटीने जाऊन-येऊन भूगोल घेऊन बी. ए. झाली. पुढच्या महिन्यात कॉलेजात पदवी द्यायचा कार्यक्रम आहे. आमच्या घरातली ही पहिली पदवी, म्हणून मला थाटात करायचं आहे. घेवड्याचे थोडे पैसे मी बाजूला ठेवलेत. पण सगळा घोळ झालाय. घरच्यांसाठी पास दोनच मिळणार. मुलगा म्हणतो, आई, तू आणि मी जाऊ. तिकडे तासगावजवळ तिचे आई-वडील वाट बघतायत. पदवीवर तिचं माहेरचं नाव येणार म्हणून थोरले दीर नाराज आहेत. ‘फी आपण भरली आणि नाव त्यांचं,’ म्हणतात. त्याच दिवशी संध्याकाळी भावकीला जेवण ठरलंय, चाळीस पान तरी होईल. सूनबाई म्हणते, ‘आई, मी पहाटे उठून निम्मं करून जाईन, उरलेलं आल्यावर करीन.’ तिला द्यावं काय, तेही सांगा. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला उठून मी तिला चहा द्यायचे. त्यामुळे मला तर माझाच निकाल लागल्यागत वाटतंय.
— एक सासू, ता. कोरेगाव

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सूनबाईच्या त्या एका वाक्यापाशी थांबले. पहाटे निम्मं करून जाईन, उरलेलं आल्यावर करीन. तेव्हा पास आणि नाव नंतर बघू, आधी जेवणाचं बोलू.

मी 1982 साली पदवीधर झाले. पदवी कोल्हापूरहून पोस्टाने आली, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेली. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच रविवारी अख्ख्या वाड्याला जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरीचा बेत होता. मी सकाळी दहाला पोळपाटापुढे बसले ती दुपारी तीनपर्यंत. बाहेरच्या खोलीत माझी पदवी हातोहात फिरत होती, मला आतून कौतुक ऐकू येत होतं, आणि मी पुऱ्या लाटत होते. माझ्या हातात ती आली रात्री, भांडी झाल्यावर. खालच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा हळदीचा ठसा उमटला होता. तो आज फिकट झालाय, पण आहे. वडिलांचं प्रेम खोटं नव्हतं. तरीही त्या दिवसाचं मला आठवतं ते तेलाचा वास आणि भरून आलेले खांदे.

म्हणून सांगते, त्या दिवशी सूनबाईच्या हातात लाटणं द्यायचं नाही. ती आपण होऊन म्हणाली तरी नाही. सासरी कौतुक होतंय म्हटल्यावर बाई आधी कामाला पदर खोचते, कारण कौतुक नुसतं बसून घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते तुम्ही सांगा. भावकीचं जेवण पुढच्या रविवारी ठेवा आणि स्वयंपाक गावातल्या बचत गटाच्या बायकांना सांगा. घेवड्याचे पैसे इथे खर्च करा, सार्थकी लागतील. भावकीने जेवण पुढे ढकलल्याबद्दल नाक मुरडलं तर मुरडू दे. आठ दिवसांनी वाढलेलं जेवणही गोडच लागतं.

आता पास. 31 वर्षं मी एका कॉलेजच्या ऑफिसात पदवीचे अर्ज तपासले, आणि पदवीदानाच्या सकाळी फाटकापाशी पासावरून रुसलेली घरं दरवर्षी पाहिली. मधल्यामध्ये ती मुलगी उभी, अंगावर झगा, डोळ्यांत पाणी. पास तिच्यामुळे मिळालेत, तर कुणाला द्यायचे ते तिने ठरवायचं. पण हे चारचौघांत विचारू नका, चारचौघांत ती तुमचं आणि नवऱ्याचंच नाव घेईल. एकटीला गाठून विचारा, आणि विचारण्याआधी सांगा की माझं नाव नसलं तरी मला वाईट वाटणार नाही. हे म्हणायला जड जाईल, मला ठाऊक आहे. पहाटे चारचा चहा तुमचा आहे, तुमचा हक्क कुणी नाकारत नाही.

माझं मत विचाराल तर एक पास तुमचा आणि एक तिच्या आईचा. गुणपत्रकावर आईचं नाव छापलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ते नाव जिचं आहे तिने एकदा समोर बसून टाळ्या वाजवाव्यात. तुमच्या मुलाने आणि व्याहीबुवांनी नातवाला घेऊन बाहेर झाडाखाली बसावं. एवढ्या लहान मुलाला हॉलमध्ये तीन-तीन भाषणं ऐकवत बसवणं तसंही बरं नव्हे. मुलाला हे पटणार नाही लगेच. त्याला सांगा, ती पदवी घेऊन बाहेर येईल तेव्हा तिला पहिला दिसणारा माणूस तू असशील.

नावाचं मात्र मी जरा स्पष्ट बोलते. पदवीवर नाव येतं ते कॉलेजच्या नोंदीवरून, आणि कॉलेजात नाव लागतं ते बारावीच्या कागदांवरून. त्यात माहेरचा मान आणि सासरचा अपमान असं काही नसतं. उलट दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही कागदांवर एकच नाव असणं हे तिच्या पुढच्या नोकरीच्या, बी. एड.च्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जासाठी फार सोयीचं. आधार कार्डावर सासरचं नाव असेल तर जोडीला विवाह नोंदणीचा दाखला लावायचा. तो काढलेला नसेल तर आधी तो काढून घ्या. पुढे तिला नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून बदलता येतं, पण ते तिच्या मर्जीने. फी तुम्ही भरलीत, ती रक्कम मोठी आहे, मान्य. पण पाटीवर अ-आ-इ गिरवण्यापासून बारावीपर्यंत ज्या नावाने ती शिकली, ते नाव पदवीवर येणं रास्त आहे. दिरांना हे कार्यक्रमाच्या आधी, शांतपणे, तुम्हीच सांगा. त्या दिवशी हा विषय घरात निघता कामा नये. आणि चौकात फ्लेक्स लावायचं चाललं असेल तर आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर त्यावरही पदवीवरचंच नाव घाला.

देण्याबद्दल. साडी तुम्ही घ्यालच, घ्या. पण त्याबरोबर एक चांगली, जाड पुठ्ठ्याची, आत प्लॅस्टिकचे खण असलेली फाइल घ्या, जिच्यात पदवी घडी न घालता बसेल. आणि वहिनी, कौतुकाच्या भरात पदवी लॅमिनेट करू नका. आमच्या ऑफिसात अशा चकचकीत पदव्या घेऊन लोक यायचे आणि रडवेले होऊन जायचे. लॅमिनेशन केलं की कागद, शिक्का, सही नीट तपासता येत नाही, पडताळणीत अडचण येते आणि ते काढायला गेलं तर कागद फाटतो. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत झेरॉक्स काढून ती फ्रेम करा. मूळ पदवी फाइलमध्ये राहू दे.

साताऱ्यात आलाच आहात तर कार्यक्रम झाल्यावर घाईने एसटी गाठू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी सगळे मिळून जाऊन या. त्यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, हे सूनबाईला माहीत असेल. तुम्ही तिला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सांगा. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्या माउलीने एकेक करत अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. दुसऱ्याची पोरं शिकावीत म्हणून. तुमच्या घेवड्याच्या पैशांचं वाचलं तेव्हा मला त्याच आठवल्या.

मग कंदी पेढे घ्या, पहिला पेढा तिच्या आईच्या हातून तिला भरवा, दुसरा तुम्ही. परतताना कोरेगावच्या रस्त्यावर संगम माहुली लागतेच. तिथे कृष्णा-वेण्णेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसा. तिने भूगोल केलाय. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरातून निघून इथे कशा भेटतात ते तिला नातवाला समजावून सांगू दे, तुम्हीही ऐका. रोज एसटीच्या खिडकीतून तिने ती कृष्णा पाहिली असेल, हातात पुस्तक धरून. उतरून बसायला तिला कधी वेळ मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

रात्री घरी पिठलं-भाकरी पुरे, आणि ती तुम्ही करा.

पास कुणाला गेले ते मला नक्की कळवा. पत्र सूनबाईने लिहिलं तर अधिक आवडेल.