‘द्राक्षारसा’तला रस

प्रश्न सोलापुरातल्याच, रेल्वे लाईन्स भागात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा रविवारच्या शाळेत काना गावच्या लग्नाची गोष्ट ऐकून आला. लग्नघरी द्राक्षारस संपला आणि येशूने रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, ती गोष्ट. घरी येऊन पोराने विचारले, “म्हणजे येशूने ज्यूस केला ना?” आजी म्हणाल्या, हो बाळा, रसच. मामा हसून म्हणाला, अरे वाइन होती ती. झाले, घरात दोन तट पडले. ताई विचारतात : मराठी बायबलातला ‘द्राक्षारस’ म्हणजे साधा रस की मद्य? मद्य असेल तर भाषांतर करणाऱ्यांनी सरळ ‘दारू’ का म्हटले नाही, लोकांपासून लपवायचे होते का? आणि लिहायचे ‘द्राक्षारस’ की ‘द्राक्षरस’?

मामाचे बरोबर आहे. पण आजी चुकल्या त्यात त्यांचा दोष नाही. शब्दाने त्यांना फसवले.

आज ‘रस’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रसवंतीचा चरक येतो, घुंगरांचा आवाज येतो. एप्रिलच्या उन्हात सोलापूरकराला ‘रस’ या शब्दात नशा शोधायला सांगणे म्हणजे जरा अन्यायच. आमरस, उसाचा रस, लिंबाचा रस या सगळ्या रांगेत द्राक्षारस जाऊन बसतो. त्यात आपला जिल्हा द्राक्षांचा. नान्नजच्या ‘सोनाका’ द्राक्षाचे नावच सोलापूर, नान्नज आणि काळे यांच्या पहिल्या अक्षरांवरून पडले असे सांगतात. द्राक्षे आपण खातो, नाहीतर वाळवून त्यांचे बेदाणे करतो. द्राक्षांपासून मद्य करणे हे आपल्याकडे अलीकडचे, तेही मुख्यतः नाशिककडचे. त्यामुळे ज्या मुलखात द्राक्ष म्हटले की आधी मद्यच आठवे, तिथल्या पुस्तकातला शब्द इथे आला आणि त्याची झिंग उतरली.

मूळ भाषांत घोटाळा नाही. बायबलाचा पहिला भाग, म्हणजे जुना करार, जवळजवळ सगळा हिब्रूत आहे. तिथे ‘यायिन’ म्हणजे आंबवलेला द्राक्षारस, ‘तिरोश’ म्हणजे नवा, त्या हंगामाचा, आणि ‘शेखार’ म्हणजे धान्य, खजूर वगैरेंपासून केलेले कडक पेय. मराठीत ‘यायिन’ आणि ‘शेखार’ ही जोडी साधारणपणे ‘द्राक्षारस’ आणि ‘मद्य’ अशी येते. दुसऱ्या भागाच्या, म्हणजे नव्या कराराच्या, ग्रीकमध्ये ‘यायिन’च्याच अर्थाचा ‘ओइनोस’ आहे. नोहाने द्राक्षमळा लावला, तो प्याला आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडला, ते ‘यायिन’. नुसत्या रसाने कोणी उघडे पडत नाही.

शिवाय ताज्या रसाबद्दल बोलायचे असेल तेव्हा हिब्रू वेगळे बोलते. उत्पत्तीच्या पुस्तकात फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, प्यालेबरदार स्वप्नात द्राक्षे प्याल्यात पिळतो. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाजीराचे, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाचे, व्रत सांगितले आहे. व्रत घेणाऱ्याने द्राक्षारस घ्यायचा नाही, मद्य घ्यायचे नाही, त्यांचा शिरका नाही, द्राक्षे भिजवून-पिळून काढलेले पाणीही नाही, ओली द्राक्षे नाहीत आणि सुकलेलीही नाहीत. ही यादीच पुरेशी बोलकी आहे. द्राक्षारस म्हणजे नुसता रस असता, तर रस वेगळा मोजायची गरजच नव्हती.

आता कानाची गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सहा दगडी रांजण आहेत, प्रत्येकात दोन ते तीन ‘मेत्रेतेस’ पाणी मावेल असे. एक मेत्रेतेस म्हणजे साधारण 39-40 लिटर. मराठीत तिथे ‘मण’ घातला आहे आणि ही निवड मला फार आवडते : आपला जुना चाळीस शेरी मण म्हणजे सुमारे 37 किलो, तेवढे पाणी म्हणजे सुमारे 37 लिटर. माप जवळजवळ बसते! सहा रांजणांचा हिशोब केला तर पाचशे ते सातशे लिटर होतात. मग भोजनकारभारी नवरदेवाला म्हणतो की सगळे लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि मंडळी यथेच्छ प्याल्यावर हलका काढतात, तू मात्र चांगला आतापर्यंत राखून ठेवलास. ‘यथेच्छ प्याल्यावर’ हा सोवळा मराठी तर्जुमा. ग्रीक क्रियापदाचा अर्थ सरळ ‘झिंगल्यावर’ असा आहे. जीभ जड झाली की पाहुण्याला चव कळत नाही, हा त्या बोलण्यातला विनोद. ज्यूस म्हटले की विनोदही गेला.

दुसरा पुरावा बुधल्यांचा. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालत नाहीत, नाहीतर बुधले फुटतात, असे येशू म्हणतो. बुधला म्हणजे कातड्याची पिशवी. तेल-तुपाचे बुधले आपल्या आज्यांनी पाहिले होते. रस आंबताना वायू सुटतो, नवे कातडे ताणले जाते, जुने वाळलेले फाटते. तेव्हा हा रस आंबणारा होता, हे त्या उपमेतच आले. (आपल्या वर्तमानपत्रांची लाडकी ‘नव्या बाटलीत जुनी दारू’ इंग्रजीवरून आली आणि तिचे मूळ याच वचनात आहे. वाटेत नवे-जुने उलटले, कातड्याची काच झाली आणि द्राक्षारसाची चक्क दारू झाली.)

तिसरी गोष्ट ग्रंथातली नाही, शेतातली आहे. त्या देशात द्राक्षे काढतात उन्हाळ्याच्या शेवटी. यहुद्यांचा वल्हांडण सण, ज्या वेळी येशूने शेवटच्या भोजनात शिष्यांना प्याला दिला, तो येतो वसंतात, म्हणजे मध्ये सहाएक महिने गेलेले असतात. तेवढे दिवस रस रस म्हणून राहत नाही. उकळून, बाटलीत बंद करून तो टिकवण्याची युक्ती 1869 मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरच्या पद्धतीवरून साधली, आणि कशासाठी, तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये होणाऱ्या विधीच्या, प्याल्यात मद्य नको म्हणून! त्याआधी मद्य टाळायचे तर मनुका भिजवून पाणी काढा किंवा ताजा रस मिळेल तेव्हाच घ्या, एवढेच मार्ग होते. आपल्याकडेही काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, मनुका उकळून प्याला भरतात, त्याची परंपरा ही.

तर मग ‘दारू’ का नाही लिहिले? ताईंचा खरा प्रश्न हा आहे, आणि याचे उत्तर बायबलात नाही, मराठीत आहे.

‘दारू’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अजून जिवंत आहे, आजारी माणसाची दवादारू करणारी बाई त्याला गुत्त्यात नेत नाही. मग तोच शब्द बंदुकीच्या पुडीला लागला, म्हणून दारूगोळा. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात होम मैदानावर शोभेचे दारूकाम बघायला आपण लेकरांना खांद्यावर घेऊन जातो, तेव्हा कोणाच्या मनात बाटली येत नाही. पण पिण्याच्या संदर्भात ‘दारू’ आली की तिच्यासोबत गुत्ता येतो, उधारी येते, पगाराच्या दिवशी दारात उभी राहिलेली बायको येते. गिरणगाव असलेल्या सोलापूरला हे समजावून सांगायला नको. म्हणजे ‘दारू’ हे नुसते पेयाचे नाव नाही, त्यात निकालही आहे. लग्नात यजमानाने काय वाढले ते सांगताना हा शब्द घातला असता, तर काना गाव सोडून भलतीच गोष्ट सुरू झाली असती.

‘वाइन’ हा पर्याय एकोणिसाव्या शतकात नव्हता. साहेबाच्या बंगल्याबाहेर तो शब्द कोणाला कळला असता? आजही तो घसरता आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य किती गाजले! आजी आणि मामाचे भांडण तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने भांडून घेतले.

राहिला संस्कृतचा आधार. आयुर्वेदात द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट होतेच, धायटीची फुले घालून आंबवलेले. त्याच घराण्यातला ‘द्राक्षारस’ निवडला गेला. तो निकाल देत नाही, वस्तू सांगतो. आणि तो एकट्या मराठीचा नाही. आपल्या गावात कानडी आणि तेलुगू शेजार घरोघर आहे. त्यांच्या बायबलातही हाच शब्द, कानडीत ‘द्राक्षारस’, तेलुगूत ‘द्राक्षारसमु’. हिंदीने मात्र ‘दाखमधु’ केले. ‘मधु’मध्ये मद्याची आठवण आहे, त्यामुळे हिंदी आजीची फसगत जरा कमी होत असावी.

लपवाछपवीचा आरोप मी एका जागेवरून फेटाळतो. विरोधक येशूला नावे ठेवतात : हा पाहा, ‘खादाड व दारूबाज मनुष्य’. ग्रीकमध्ये तिथे ‘ओइनोपोतेस’ आहे, शब्दशः ‘द्राक्षारस पिणारा’. पण बोलणाऱ्याचा सूर शिवीचा, म्हणून मराठीने बरोबर तिथे ‘दारूबाज’ घातला. वस्तू तीच, लग्नघरात द्राक्षारस, निंदकाच्या तोंडी दारू. लपवायचे असते तर ही जागा आधी झाकली असती.

मग शास्त्र प्यायला सांगते की नको म्हणते? दोन्ही बाजूंची वचने आहेत. स्तोत्र 104 म्हणते द्राक्षारस माणसाचे अंतःकरण आनंदित करतो. नीतिसूत्रे 20 म्हणते तो टवाळखोर आहे. प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, सांगतो की नुसते पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. अस्सल दवादारू! आणि तोच पौल इफिसकरांना लिहितो, ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’. आता ‘मस्त’ ऐकून आजची पोरे हसतात, कारण त्यांना पिक्चर मस्त, भजी मस्त. पण हा फारसी ‘मस्त’ आणि संस्कृत ‘मत्त’ एकाच धातूचे, ‘मद्य’ही त्याच घरचे. जुन्या मराठीत मस्त व्हायचा तो हत्ती. वचनाची रेघ तिथे आहे, झिंगण्यावर. करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच एक भुकेला आणि दुसरा मस्त, अशी तऱ्हा झाली होती, त्यावर पौल चिडलेला आहे. पण लक्षात घ्या, प्याला काढून टाका असे तो म्हणत नाही.

रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मात्र तो एक पाऊल पुढे जातो : ज्याने तुझा भाऊ अडखळतो ते मांस किंवा तो द्राक्षारस न घेणे बरे. इथे पिणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेला महत्त्वाचा. मिशनच्या परंपरेतल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत दारूला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्यांचा आधार मला ‘ओइनोस’च्या व्याकरणापेक्षा या ओळीत दिसतो. मेथडिस्ट आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या पंथांची शिस्तही त्याच दिशेची. कॅथलिकांकडे उलट मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, खरा, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला द्राक्षारस लागतो, असा चर्चचा नियम आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीपुरती वाट ठेवली होती. दारू टाळणारी ही घरे काय, कॅथलिक काय, दोघांपुढची वचने हीच. तेव्हा आजींनी पोराला ‘घ्यायचे नाही’ जरूर सांगावे, पण ‘तो ज्यूस होता’ हे कारण देऊ नये. ते टिकणार नाही, पोरगा मोठा होऊन बुधल्यांपाशी पोचेलच.

एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही. वधस्तंभावर येशूच्या ओठांना स्पंज लावतात, तो भिजवलेला असतो ‘आंबे’त. आंबा नव्हे, आंब. शिपायांचा आंबट झालेला स्वस्त द्राक्षारस. आपल्या रब्बीच्या पट्ट्यात हरभऱ्याच्या पाल्यावरचा आंबट खार पहाटे फडक्याने टिपतात, त्यालाही आंबच म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने हा शब्द कोशातून उचलला की एखाद्या शेताच्या बांधावर ऐकला, कोण जाणे. मला बांध बरा वाटतो.

लेखनाचे थोडक्यात : ‘द्राक्षारस’ बरोबर, कारण संस्कृत शब्द ‘द्राक्षा’ आहे, ‘द्राक्ष’ नव्हे, ‘द्राक्षासव’ही तसाच. ‘द्राक्षरस’ नको. आणि पोराच्या डब्यासोबत देता तो लिहायचा असेल तर समास सोडवून ‘द्राक्षांचा रस’ लिहा, म्हणजे मामाला हसायला जागा उरणार नाही.