ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये समोरचा फॉरवर्ड खूप उंच असेल तर बचावात कोणाला घ्यावं?

नुसती उंची मोजून गडी निवडलात तर फसलात. 2018 च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (म्हणजे अंतिम सामन्याआधीच्या बाद सामन्यात) कॉलिंगवूडच्या 211 सेंटीमीटरच्या मेसन कॉक्सने गतविजेत्या रिचमंडच्या बचावपटूंच्या डोक्यावरून झेल घेत 3 गोल ठोकले (या खेळात लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की विनाअडथळा किक मिळते). तेही ॲलेक्स रान्ससारखा कसलेला गडी मागे असताना!

अशा ताडमाडाशी झेलाची चुरस लावायचीच नाही. अंगाला अंग लावून त्याची उडीआधीची धाव तोडायची आणि चेंडू मुठीने ठोसून खाली पाडायचा. हाताला धरलंत की फ्री किक, हे सांभाळून. पडलेला चेंडू उचलायला मात्र चपळ गडीच हवा. म्हणून तीन उंच बचावपटू पुरे. चौथा घेतलात तर बुटके फॉरवर्ड त्याला नुसते पळवतील. पाऊस असेल तर मी दोनच घेईन, ओला चेंडू हातात टिकतोय कुठे?