पानावरचे माकडतोंड

प्रश्न : जास्वंदीच्या फांद्यांवर कापसासारखा पांढरा मावा पडला आहे. त्याच्याजवळच्या एका पानावर तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी कोष चिकटलेला असून तो थेट माकडाच्या तोंडासारखा दिसतो. हा कोष कोणाचा? मावा घालवण्यासाठी औषध फवारावे का?

उत्तर : प्रथम एक दुरुस्ती. आपण ज्याला मावा म्हणता ते वर्णनावरून पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारे पांढऱ्या पिठाने माखलेले किडे (मिलीबग), वाटतात, आणि तो कोष ‘एपफ्लाय’ या लहानशा फुलपाखराचा असणार. ‘स्पाल्गिस इपियस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. पंख पसरल्यावरही ते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भरते. वरून करडे-तपकिरी, खालून फिकट आणि बारीक नागमोडी रेषांचे असल्याने डोळ्यांत भरत नाही.

बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात. ही मात्र मांसाहारी आहे. मादी पिठ्या ढेकणांच्या वसाहतीतच एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी ढेकणांची अंडी फस्त करते आणि वाढत जाईल तशी लहानमोठे सगळेच ढेकूण खाऊ लागते. हे चालू असताना ढेकणांच्या अंगावरचे मेणचट पांढरे पीठ ती स्वतःच्या पाठीवर वागवत असल्यामुळे, पुंजक्यात बोट घालून पाहिले तरी ती चटकन ओळखू येत नाही. ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्यांची राखण करणाऱ्या मुंग्याही तिला सहसा त्रास देत नाहीत, म्हणजे लांडगा कळपात आणि राखणदार स्वस्थ!

अळीपणातल्याच चार टप्प्यांमधून वाढून अळी पानावर किंवा खोडावर कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. कोषावरच्या गडद ठिपक्यांचा आणि उंचवट्यांचा मिळून माकडाचा चेहरा होतो, त्यावरूनच ‘एपफ्लाय’ हे इंग्रजी नाव पडले (‘एप’ म्हणजे वानर). तो चेहरा पक्ष्यांनाही माकडाचाच वाटत असेल, असे मानण्याची घाई मात्र मी करणार नाही.

हे फुलपाखरू भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियात आढळते. जंगलाच्या कडेची झुडपे असोत की कॉफीचे मळे किंवा बागा, जिथे पिठ्या ढेकूण तिथे ते असू शकते.

फवारणी तूर्त करू नये. कोष एकच दिसला तरी त्याची भावंडे अजून त्या पांढऱ्या पुंजक्यांत चरत असण्याची शक्यता आहे आणि औषध त्यांनाही मारील. पुंजके भिंगाखाली पाहावेत. पिठाचा एखादा लांबट गोळा सावकाश सरकताना दिसला, तर तीच अळी.