भयपट परिणामकारक व्हायचा तर त्यातली पात्रं आपल्याला जवळची वाटलीच पाहिजेत का?

अजिबात नाही.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एका भयपटाबद्दल तुमचे मित्र म्हणत होते, ‘एकही पात्र आवडण्यासारखं नाही, मग ते मेलं काय नि वाचलं काय, भीती कशी वाटणार?’ आणि तुम्हालाही ते पटलं. तो सिनेमा वाईट असेलही, पण त्याचं कारण हे नव्हे. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं वर्षानुवर्षं वाजत आलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी लाखांदूर तालुक्यातला, जिल्हा भंडारा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांचं काम मोठं, त्यांचे नट वेगळे, त्यांचं तिकीट वेगळं. आमचं आपलं गावातलं हौशी मंडळ. दिग्दर्शक माझे मामेभाऊ, वयानं मोठे, सारं गाव त्यांना भाऊ म्हणतं. लिहितातही तेच. एका वर्षी त्यांनी भुताचं नाटक काढलं आणि सावकाराचं काम मला दिलं.

सावकार पक्का नीच. एका विधवेनं कर्ज फेडलेलं असताना ते फिटलंच नाही असं दाखवून तो तिच्या धानाच्या बांध्या गिळतो. ती बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जीव देते. पुढे तिच्या दिराला कुणीतरी शहाणं करतं, तो कोर्टात जातो, आणि उद्या सकाळी पडक्या वाड्याच्या पंचनाम्याला माणसं येणार. कर्ज फिटल्याचा कागद त्याच वाड्यात, जुन्या संदुकीत. तो आज रात्रीच जाळायला हवा. गड्याला पाठवायची सोय नाही, कारण कागद दुसऱ्याच्या हाती लागला की खेळ खलास. म्हणून सावकार स्वतः कंदील घेऊन एकटा वाड्यात येतो.

तालमीतच भाऊंना खुटखुट लागली. “हा माणूस इतका हरामी आहे, भूत आलं तं लोक टाळ्या वाजवतीन. भेतीन कोण?” म्हणून त्यांनी आधी एक प्रवेश घुसवला. सावकाराची लहान पोरगी, बिनआईची. तो तिला मांडीवर घेऊन दूधभात भरवतो आणि एक गाणं म्हणतो. चाल चांगली होती, ते मी नाकारत नाही. भाऊंचा हिशोब असा की लोकांना सावकाराची माया आली की भीती आपसूक येईल. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा प्रवेश नको. “तू आपलं काम कर,” म्हणाले, विषय संपला.

पहिला प्रयोग शेजारच्या गावी पोरीच्या प्रवेशासकट झाला. गाण्याला वन्स मोअर मिळाला. पण वाड्याच्या प्रवेशात मागच्या लोकांचं शेंगा फोडणं मला स्टेजवर ऐकू येत होतं. लोकांना सावकाराची माया आली होती, भाऊ त्यात बरोबर. फक्त त्या मायेनंच घात केला. बिनआईच्या पोरीचा बाप म्हटल्यावर लोकांनी ओळखलं की आता याला पश्चात्ताप होणार, हा हात जोडणार, विधवेचा आत्मा शांत होणार. पुढचं कळलं की माणूस चहाच्या टपरीकडे बघायला लागतो.

आमच्या गावच्या मंडईला पोरीचं काम करणाऱ्या मुलीला ताप भरला. ऐन वेळी दुसरी कुठून आणणार, प्रवेश गाळला. म्हणजे त्या रात्री सावकार लोकांसमोर नुसता नीच माणूस म्हणून उभा होता. दुसऱ्या अंकात पुढे ताडपत्रीवर बसलेली एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली होती, “किडे पडतीन तुले!”

तो वाड्याचा प्रवेश मी कसा केला ते सांगतो. कंदील खाली ठेवला. कमरेचा जुडगा काढला. संदुकीला एक किल्ली लावली, फिरेना. दुसरी लावली, ती अर्धी शिरून अडकली. ती काढायला मी दोन्ही हात लावले, कंदिलाकडे पाठ झाली. मागे आमचा एक पोऱ्या विधवेचं भूत म्हणून लुगडं नेसून, लोकांकडे पाठ करून बसलेला होता. त्यानं काहीच करायचं नव्हतं. नुसता भिजलेला पदर घमेल्यात पिळायचा. घमेल्याच्या काठाला आम्ही माइक बांधला होता. टप. मग बराच वेळ काही नाही. मग परत टप. मी किल्लीशी झटतोय, मला ऐकू येत नाही असं दाखवायचं. मांडवात इतकी शांतता झाली की पेट्रोमॅक्सची फुसफूस ऐकू यावी. आणि त्या शांततेत तीच म्हातारी किंचाळली, “मांगं पाय गा, मांगं पाय!” म्हणजे मागे बघ.

जिनं तासाभरापूर्वी मला किडे पडण्याचा शाप दिला, ती मला सावध करत होती. तिला मी आवडायला लागलो होतो का? मुळीच नाही. ती किल्ली लागते की नाही यात तिचा जीव गुंतला होता.

भाऊंचं म्हणणं आजही हेच की गावचे लोक तुला ओळखतात म्हणून ओरडले. मग चुलबंद नदीपलीकडच्या गावात आम्हाला कुणी ओळखत नसताना काय झालं? पोरीचा प्रवेश तेव्हाही नव्हता, मुलीची परीक्षा आली होती. प्रयोगानंतर एक आजोबा विंगेत आले, माझा हात धरला आणि म्हणाले, “किल्ली उलटी लावून रायला होता तू. मी म्हणतच होतो, उलटी आहे, उलटी आहे.” त्यांनी भुताबद्दल शब्द काढला नाही, सावकार मेला त्याबद्दलही नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पात्र चांगलं नसलं तरी चालतं. त्याला त्या अंधारात काय काम आहे हे पटलं पाहिजे, आणि ते काम आपल्या डोळ्यांदेखत अर्धवट राहिलं पाहिजे. ‘मूर्ख आहे, एकटा कशाला गेला तळघरात?’ असा प्रश्न प्रेक्षकाला पडला की तिथे लेखक चुकला. नायकाला कुत्र्याचं पिल्लू दिलं, मेलेल्या बायकोचा फोटो दिला म्हणून ते भरून निघत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण अंधारात जाणं हे रोजचं काम आहे. शेतीची थ्री फेज लाइन रात्री आली तर मोटार रात्रीच सुरू करावी लागते. रानडुकरं धान लोळवतात म्हणून जागलीला जावं लागतं. मार्च-एप्रिलात मोह गळायला लागला की बाया पहाटे टोपली घेऊन जंगलात निघतात. वाघ आहे हे त्यांना माहीत असतं. मोहफूल वेचताना माणूस वाकलेला असतो, नजर जमिनीवर, पाठ उघडी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे अशा पाठीवर वाघ आलेला आहे. ती बाई स्वभावानं गोड होती की कजाग, हे त्या बातमीच्या वेळी कुणाच्या मनात येतं? आपण फक्त ती वाकलेली पाठ बघतो आणि आपल्याच मानेवर काटा येतो.

आता सिनेमाचं, कारण प्रश्न सिनेमाचा आहे. ‘तुंबाड’ (२०१८) घ्या. विनायक हा लोभी, बाहेरख्याली, बायकोपोरांशी कोरडा. त्याचं एकही कृत्य प्रेम करावं असं नाही. तरी तो दोरावरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण घालतो, खजिना राखणाऱ्या हस्तर नावाच्या राक्षसापुढे पिठाची बाहुली टाकतो आणि त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायला हात घालतो, तेव्हा आपण श्वास धरतो. कारण काम काय आहे, किती वेळ आहे, चूक कुठे होईल, हे आपल्याला तोपर्यंत तोंडपाठ झालेलं असतं. २०२४ साली तो परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. लोक विनायकाच्या प्रेमात पडून परत गेले असं कुणी म्हणेल का? आणि आमच्या भागाचा अभिमान म्हणून सांगतो, त्याचे दिग्दर्शक राही बर्वेंना त्याचं बीज १९९३ साली मिळालं ते नागझिऱ्याच्या अभयारण्यात, मित्रानं सांगितलेल्या नारायण धारपांच्या गोष्टीतून. नागझिरा आमचं.

दुसरा दाखला ‘सायको’ (१९६०). मॅरियन चाळीस हजार डॉलर चोरून पळते, आपण तिच्याबरोबर पळतो. ती अर्ध्यातच मरते. मग ती जिथे उतरली त्या मोटेलचा मालक नॉर्मन तिची गाडी प्रेतासकट दलदलीत ढकलतो, आणि गाडी बुडता बुडता थांबते. त्या क्षणी बघणाऱ्याला काय वाटतं? बुड बाबा, बुड! खून लपवणाऱ्याच्या बाजूनं आपण घाबरतो. भाऊंना मी हा सिनेमा स्वतः शेजारी बसवून दाखवला. ते म्हणाले, “तो पोरगा आईसाठी करून रायला, म्हणून.” म्हणजे शेवटी तिथेही त्यांनी आईच शोधली.

रामसेंच्या ‘पुराना मंदिर’चं (१९८४) उदाहरण लोक देतील की त्यात कुणाबद्दलच काही वाटत नाही. खरं आहे. पण लहानपणी व्हिडिओवर सामरी या सैतानाचं धड आणि मुंडकं वेगळं ठेवलंय हे कळल्यापासून ती पेटी कोण उघडतो याची धास्ती होतीच ना?

दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. मूल संकटात असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा, लेकराची भीती वाटायला कुठल्याही कारणाची गरज नसते. ‘एक्झॉर्सिस्ट’मधली आई घर सोडून पळत नाही, कारण पोरगी वर पलंगावर आहे, तिथे माया आणि कारण एकच. तसंच ‘लपाछपी’ (२०१७). ती गरोदर बाई घेणेकऱ्यांपासून लपायला उसाच्या फडातल्या घरात येते, तिथे तिच्याबद्दल जीव तुटतो आणि त्यानं भीती वाढते, कमी होत नाही. म्हणजे चांगलं पात्र असूच नये असं मी म्हणत नाही. आणि नुसतं दचकवायचं असेल तर पात्राचीही गरज नाही, दार आपटलं तरी माणूस दचकतो. त्याबद्दल मी बोलतच नाहीये.

तुमचा तो सिनेमा परत बघा आणि पात्र आवडतं का हे सोडून द्या. ते त्या खोलीत कशाला गेलं आणि त्याच्या हातात काय काम होतं, एवढंच बघा. बहुतेक ठिकाणी हातात टॉर्चशिवाय काही सापडणार नाही.

भाऊ हे नाटक यंदाच्या मंडईला परत काढताहेत. वहीत पोरीचा प्रवेश पुन्हा आलाय, गाण्याला एक कडवं वाढवून. भाऊ, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे, तुमचा पोरगाच तुम्हाला वाचून दाखवेल. गाणं ठेवायचं तर पहिल्या अंकात दिराच्या पोरीला द्या, चाल वाया जाऊ नये. पण सावकाराच्या मांडीवर पोरगी बसली तर सावकाराचं काम दुसऱ्याला द्या. मी करणार नाही.